नलूमावशीची चार पिल्लं

"आपके घर में झगड़ा कौनसे आवाज में होता है?"

नलूमावशीने हा प्रश्न बंटी भियाला विचारला तेव्हा मी तिच्या ओसरीतच उभी होते. बंटी भिया म्हणजे इंदौरच्या आमच्या भागातला केबलवाला. त्या वर्षांत घराघरांच्या गच्च्यांवरून काळ्या वायरी लोंबायला लागल्या होत्या आणि त्या सगळ्या शेवटी त्याच्याच दुकानात पोचायच्या. नवी मारुती दारात उभी करून, गॉगल कपाळावर चढवून, तो कुत्र्याचं पिल्लू बघायला आला होता. किंमत विचारतील, पत्ता विचारतील, एवढी तयारी करून आला असावा. भांडणाच्या आवाजाची तयारी नव्हती.

"झगड़ा? हमारे यां तो झगड़ा होता ई नी हे, मावशी."

"फिर पिल्ला नहीं मिलेगा," मावशी म्हणाली. "पूडल को झूठ समझता है. होल्ड करो, मैं आपके घर आके देखूंगी."

बंटी भियाने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. मावशीपुढे आमच्या गल्लीत कुणाचंच चालत नसे.

नलूमावशी खरं तर कुणाचीच मावशी नव्हती. तिला भाऊ नव्हता, लग्न केलं नव्हतं, आणि सांवेरला एक चुलत बहीण होती तिच्याशी फारसं जमत नव्हतं. मिलच्या हेड ऑफिसात ती टेलिफोन ऑपरेटर होती. माझे बाबा त्याच मिलमध्ये, घडी खात्यात. तयार कापडाचा ताका उजेडासमोर उलगडायचा आणि कुठे धागा तुटला, कुठे डाग राहिला ते शोधायचं, हे त्यांचं काम. पण मिलमध्ये बाबांना ओळखणारे शंभर असतील तर मावशीला ओळखणारे सगळेच. म्हणजे तिच्या आवाजाला. तिचं उलटं होतं. तिला माणसांचे आवाज पाठ, चेहरे नाहीत. रस्त्यात कुणी नमस्कार केला तर ती कोऱ्या चेहऱ्याने बघत राहायची. तो "मावशी, मी स्पिनिंगचा जोशी" म्हणाला की एकदम उजळायची, "अरे, तुम्ही! घसा बरा झाला का?"

इतकी वर्षं कानाला यंत्र लावून बसल्यामुळे तिची मान डावीकडे कललेली असायची आणि पदर डाव्या कानामागे खोचलेला. बोलणंही तसंच. कुणी पाल्हाळ लावलं की "लाइन एंगेज आहे" म्हणून सरळ आत निघून जायची. विचार करायला वेळ हवा असला की "होल्ड करा." आणि कुणी आभार मानायला लागलं, की कानाशी हात नेऊन म्हणायची, "आवाज येत नाही हं." पुन्हा म्हटलं तरी येत नसे.

मग मिल बंद पडली. आधी एक पाळी, मग दुसरी, मग फाटकावर कागद. मोठे साहेब दिल्लीला निघाले. त्यांच्या मेमसाहेबांकडे एक पूडल कुत्री होती, फिफी नावाची. दिल्लीच्या फ्लॅटात कुत्रं चालत नव्हतं. मेमसाहेब बंगल्यावरून फोन करायच्या तेव्हा गंमत म्हणून रिसीव्हर फिफीच्या कानाला लावायच्या आणि मावशी इकडून म्हणायची, "फिफी, इंदौर बोल रहा है." फिफी तिकडून भुंकायची. त्यामुळे निघायच्या दिवशी फिफीची दोरी मावशीच्या हातात देऊन त्या म्हणाल्या, "नलूजी, ये आपकी आवाज पहचानती है, आप ही रख लो."

त्यांनी कुत्री दिली. पिल्लांचं सांगितलं नव्हतं. ती पुढे काही आठवड्यांनी मावशीच्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यामागे निघाली. चार.

पूडल हा प्रकार आमच्या गल्लीने तोवर पाहिला नव्हता. कुत्रा म्हणजे एक तर रस्त्यावरचा, नाही तर अल्सेशियन, नाही तर तो पांढरा केसाळ पोमेरियन. फिफीचे कुरळे केस आणि लांब नाक बघून, कोकरू समजून, दूधवाला म्हणाला, "मावशी, ये मेमना कब लाए?" गल्लीतली पोरं तिला फिफी न म्हणता फूफी म्हणायला लागली. मावशीची काही हरकत नव्हती. "घरात एक आत्या असलेली बरी," असं म्हणायची.

पिल्लांची नावं तिने आपल्या खात्यातून दिली. पूर्वी परगावी फोन लावायचा तर ट्रंक कॉल बुक करावा लागे. ऑर्डिनरी लावला की लागेल तेव्हा लागेल. अर्जंट त्याच्या आधी. लाइटनिंग सगळ्यांच्या आधी, विजेसारखा. आणि एक असायचा पीपी कॉल. त्यात ज्या माणसाचं नाव दिलं असेल त्याच्याशीच बोलायचं. तिकडे दुसरं कुणी आलं तर कॉलच नाही. 

चहात बुडवलेल्या टोस्टच्या रंगाचं, पोट भरलं की उताणं पडणारं पिल्लू ऑर्डिनरी. कुकरची शिट्टी व्हायच्या आधीच भुंकणारं काळं ते अर्जंट. पांढरं लाइटनिंग चालायचंच नाही, चेंडूसारखं उडत यायचं. चौथं राखी रंगाचं, सगळ्यात बारीक. ते कुणाकडेच जात नसे. खोलीत माणसं भरलेली असली की भिंतीला पाठ लावून बसायचं आणि एकेका तोंडाकडे निरखून बघायचं. तो पीपी.

मावशीचं त्या पिल्लांवर एक भाषण ठरलेलं होतं. ते मी इतक्यांदा ऐकलंय की आजही म्हणून दाखवीन. "मंजू, हा कुत्रा नाही, हे घरातलं शेंडेफळ समज. याला मार नको, रागवायलाही नको. तू मनातल्या मनात चिडलीस तरी याला कळतं. याच्यावर हसलीस तर रुसून पलंगाखाली जाईल, याच्यासोबत हसलीस तर तेच दहा वेळा करून दाखवील. शिकतो फटाफट. तू चप्पल घातलीस की निघालीस, पर्स घेतलीस की उशीर होणार, सगळं पाठ. पण एकटा राहत नाही. मतलब, राहतच नाही. एकटा ठेवला की सुकतो."

म्हणून ती घरं तपासायची. बंटी भियाच्या घरी ती खरंच गेली, मलाही सोबत नेलं. तिथे दोन काका, दोन काकू, पोरंच पोरं, एक पोपट, आणि तीन खोल्यांत तीन टीव्ही. आम्ही गेलो तेव्हा रिमोटवरून मारामारी चालली होती. त्याच्या आईने आमच्यासमोर पोहे ठेवता ठेवता दोघांच्या पाठीत धपाटे घातले. बंटी भिया घामाघूम झाला. मावशीने डावा कान पुढे करून सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"पास," बाहेर आल्यावर म्हणाली. "इतका गोंगाट, पण रागाचा एक सूर नाही. या घरात कुणी एकटं राहणं शक्यच नाही. लाइटनिंग इथे द्यायचं."

ऑर्डिनरी गेलं दुपारी जेवून गाढ झोपणाऱ्या एका निवृत्त मास्तर-मास्तरीणबाईंकडे. अर्जंट गेलं चर्चजवळच्या एका म्हाताऱ्या नर्सबाईंकडे. त्यांना दाराची बेल ऐकू येत नसे. आता कुणी आलं की अर्जंट त्यांचा झगा धरून दाराशी नेई. पैसे कुणाकडूनच घेतले नाहीत. "कॉल लावून देणं माझं काम," असं काहीसं पुटपुटली.

उरला पीपी.

आता आमच्या घराचं सांगते. मिल बंद पडल्यावर बाबा घराबाहेर पडेनासे झाले. मला तोवर सांवेर रोडवरच्या एका खोक्यांच्या कारखान्यात ऑफिसची नोकरी लागली होती, त्यामुळे चूल पेटत होती. प्रश्न तो नव्हता. प्रश्न असा होता, की बाबा भाजीला गेले की भाजीवाला विचारायचा, "दादा, मिल का क्या हुआ?" न्हाव्याकडे गेले की तोही तेच. देवळात, किराणा दुकानात, पानाच्या ठेल्यावर, जो भेटेल तो आपुलकीने हेच विचारी. बाबांकडे उत्तर नव्हतं. मग त्यांनी भाजी सोडली, देऊळ सोडलं, न्हावीही सोडला. केस मानेवर आले. दिवसभर आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडायचे. आईने विचारलं तर मानेने हो-नाही. रात्री जेवताना ताटातल्या पोळीकडे असे बघत बसायचे, की आईला वाटे करपली की काय.

एका सकाळी मावशी पीपीला पदरात गुंडाळून आली. मी कामाला निघाले होते. ती सरळ आतल्या खोलीत गेली.

"विनायकराव, मी आत्ता सांवेरला बहिणीकडे जाऊन राहिले आहे. आठ दिवस. फिफी येईल माझ्यासोबत, याला बस लागते. ठेवून घ्या."

"नलूताई, मला कुत्रा चालत नाही," बाबा म्हणाले. बऱ्याच दिवसांतलं त्यांचं ते पहिलं पूर्ण वाक्य असावं.

"आवाज येत नाही हं," म्हणून मावशीने पिल्लू त्यांच्या पायांशी सोडलं आणि निघून गेली.

पीपीने नेहमीप्रमाणे भिंतीला पाठ लावली आणि एकेकाकडे बघून घेतलं. आईने दूध दाखवलं, मी चुटक्या वाजवल्या. त्याने आम्हा दोघींना बाद केलं. मग तुरुतुरु जाऊन बाबांच्या पोटाशी, गुडघ्यांच्या खोबणीत बसला. "ए, हट," बाबा म्हणाले. तो आणखी आत सरकला.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेल्यावर बाबांनी त्याला उचललं आणि परत द्यायला निघाले. मावशीच्या दाराला कुलूप होतं. ते पायऱ्या उतरायला लागले तेवढ्यात आतून फिफी भुंकली. मग दबक्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "शू! फिफी, लाइन कट होईल!"

नलूमावशी सांवेरला गेलेलीच नव्हती. पुढच्या दाराला कुलूप घालून, मागच्या दाराने आत शिरून, खिडक्या लावून बसली होती. आपला आवाज ऐकला तर पीपी परत आपल्याकडे येईल, आणि आपण दिसलो तर विनायकराव त्याला परत करतील, या दोन्ही भीतींनी.

बाबांनी दार वाजवलं नाही. मग पिल्लू छातीशी धरून घरी आले आणि आईला म्हणाले, "नलूताई गावाला गेल्यात." हे सगळं आईने मला पुष्कळ नंतर सांगितलं. तिलाही बाबांनीच सांगितलं होतं, हसत.

पिल्लाला बाहेर न्यावं तर लागतंच. पहिल्या दिवशी बाबा पहाटे, कुणी नसताना घेऊन गेले. पण पीपीला पहाट मंजूर नव्हती. तो ऊन पडल्यावरच निघायचा. नाइलाजाने बाबा उन्हात निघाले. भाजीवाला समोरून आला. बाबांनी मान खाली घातली.

"दादा," तो म्हणाला, "ये क्या हे? भेड़ हे क्या?"

"पूडल," बाबा म्हणाले.

"पुड़िया?"

"पू-ड-ल. कुत्ता है. विदेशी."

"काटता हे?"

"नहीं. रूठता है."

भाजीवाला इतका हसला की त्याने हातगाडी सोडून पिल्लाला हात लावला. पुढे न्हाव्याने विचारलं, याचे केस कोण कापतं, मी कापू का? पानवाल्याने विचारलं, पान खातो का? शाळेतून निघालेल्या पोरींनी गराडा घातला आणि नाव विचारलं. बाबांना पीपी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं, मग ट्रंक कॉल म्हणजे काय तेही. घरी आले तेव्हा त्यांचा घसा बसला होता. पाण्याचा तांब्या एका दमात संपवून ते आईला म्हणाले, "आज कुणी मिलचं विचारलं नाही."

त्या संध्याकाळी ते न्हाव्याकडे गेले. दोघांचेही केस कापून आले. पीपीचे जरा बरे कापले होते.

आठ दिवसांनी मावशी प्रवासाहून आल्यासारखी पिशवी घेऊन आली. सांवेरच्या बहिणीची खुशाली वगैरे सांगितली. बाबांनीही गंभीरपणे विचारली. पीपी दोघांच्या मध्ये बसला होता. मावशीने "पीपी" म्हणून हाक मारली. त्याने शेपूट हलवलं, तिचा हात चाटला, आणि जाऊन बाबांच्या पायावर हनुवटी ठेवली.

"लागला कॉल," मावशी म्हणाली.

तिला पोचवायला मी फाटकापर्यंत गेले. विचारलं, "मावशी, तुला कसं कळलं बाबांना हेच हवं होतं?"

"होल्ड कर," ती म्हणाली, आणि खरंच थोडा वेळ थांबली. "अगं, मलाही विचारायचे ना सगळे. मिलचं काय झालं, तुमचं काय होणार. मी काय सांगणार? मग फिफीला घेऊन निघायला लागले. लोक कुत्र्याचं विचारतात. आपल्याला उत्तर येतं. बरं वाटतं."

असंच फिरता फिरता शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या एका दुकानदाराशी बाबांची ओळख झाली. त्याला पिल्लाच्या केसांचं नवल वाटत होतं. केसांवरून लोकर, लोकरीवरून कापड, अशी गोष्ट निघाली. काही महिन्यांनी बाबा त्याच्या गोदामात येणारं कापड तपासायला जायला लागले. मिलच्या मानाने काम छोटं. बाबांनी अट मात्र घातली, कुत्रा सोबत येणार. दुकानदार म्हणाला, "दादा, उसी को तो रख रा हूं. आप साथ में आ जाना."

मावशीचे आभार मानायचा आम्ही सगळ्यांनी एकेकदा प्रयत्न केला. आईने साडी आणली, तर मावशी म्हणाली रंग आवडला नाही. बाबांनी तोंडाने म्हणून पाहिलं, तर आवाज आला नाही. शेवटी आम्ही नाद सोडला.

आणि मग ती दर रविवारी यायला लागली. कारण होतं पूडलचे केस. ते गळत नाहीत, वाढत राहतात, आणि रोज विंचरले नाहीत तर त्यांचा असा गुंता होतो की कातरच लावावी लागते. मावशी पर्समध्ये लोखंडी दातांचा एक कंगवा बाळगायची. सोमवारी नर्सबाईंकडे, बुधवारी मास्तरांकडे, शुक्रवारी बंटी भियाच्या गोंगाटात आणि रविवारी आमच्याकडे. आली की चहाच्या आधी पीपीला मांडीवर घेऊन कान उलटे करी. गुंता सापडला की आम्हाला फैलावर घेई. "हे काय? तुम्हाला पोर दिलं की पायपुसणं?" गुंता सोडवता सोडवता गप्पा चालत. एखादी गाठ फार हट्टी असली तर जेवणाची वेळ होई, मग ती जेवूनच जाई.

एकदा पुण्याहून आत्या येणार होती. आमचं हिंदी मिसळलेलं मराठी तर काही आत्यासाठी विंचरता येत नव्हतं, निदान कुत्रा तरी विंचरू, म्हणून आईने पीपीला आदल्या दिवशी धुतला, पुसला, कानापासून शेपटीपर्यंत विंचरून काढला. रविवारी मावशी आली. पीपीला मांडीवर घेतलं. कंगवा कानामागे घातला, तो लोण्यातून जावा तसा गेला. दुसरा कान. पोट. पाय. एक गाठ नाही.

"छान ठेवलाय," ती म्हणाली. पीपीला खाली सोडलं. कंगवा पर्समध्ये ठेवला, पर्सची चेन लावली. मग तिला पुढे काय करावं ते कळेना. "बरं मग. निघते मी."

"अहो, चहा..." आई म्हणाली.

"नको. घेऊन आलेय."

ती गेली. मी खिडकीतून बघत होते. फाटकाशी उभी राहून ती एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे बघत होती. रविवारची सगळी दुपार समोर पडलेली, आणि जायला कुठे नाही. आमच्यासमोर कायम हुकूम सोडणारी ती बाई मला तेव्हा पहिल्यांदा लहान दिसली. बाबाही माझ्या मागे येऊन उभे होते.

"कुणी सांगितलं होतं एवढा चकाचक करायला?" ते आईवर खेकसले. तिलाही कळलं होतं.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर बाबा पीपीला मांडीवर घेऊन बसले होते. चष्मा लावून, दिव्याखाली, अगदी मन लावून. ताक्यात एवढासा दोष राहिला तरी बाजूला काढणारा हा माणूस, त्या कुत्र्याच्या कानामागचे केस दोन बोटांत धरून पीळ देत होता, गाठी पाडत होता. पीपी डोळे मिटून सहन करत होता.

रविवारी मावशी आली. कंगवा अडकला. तिने तो काढला, पुन्हा घातला, पुन्हा अडकला.

"शरम वाटत नाही का तुम्हाला!" ती कडाडली. पदर डाव्या कानामागे खोचला आणि ठाण मांडून बसली. त्या दिवशी तिने चहा घेतला, आईच्या हातचा भुट्ट्याचा कीस दोनदा मागून घेतला, आत्याने दिलेल्या मनस्तापाची सगळी हकीकत ऐकली आणि दिवेलागणीला उठली.

मी तिच्यासोबत फाटकापर्यंत गेले. चप्पल घालता घालता ती माझ्या कानाशी वाकली.

"विनायकरावांना सांग," म्हणाली, "कानामागेच पाडत जा म्हणावं. पोटाखाली पाडल्या की दुखतं गं त्याला."